चित्रकलेच्या वहीतील मागील बाकी

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत व्यापारी घरांतील माळ्यावरून दोन प्रकारच्या वह्या खाली येतात. पहिल्या हिशेबाच्या. त्यांच्यावरील धूळ झटकली जाते, वर्ष पाहिले जाते आणि त्या पुन्हा फडक्यात बांधून जागेवर ठेवल्या जातात. कंपनी कायद्याने हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपण्याचे बंधन घातले आहे. पण कायद्याची सक्ती नसती तरी आपल्या घरांतून त्या जपल्याच गेल्या असत्या, कारण मागील बाकी पुढे ओढल्याशिवाय नवी वही सुरू होत नाही, हा संस्कार पिढ्यांचा आहे. दुसऱ्या वह्या असतात मुलांच्या चित्रकलेच्या. त्यांच्याबरोबर गुंडाळी केलेले ड्रॉइंग पेपर, पुठ्ठ्याचे घर, कापसाचे ढग चिकटवलेला तक्ता आणि शिंग मोडलेला मातीचा बैल. यांच्यावरील धूळ कोणी झटकत नाही. कागद रद्दीवाल्याच्या तराजूत जातो आणि बैल कचऱ्याच्या टोपलीत.

ज्या मुलाने वा मुलीने ते केले, त्याला कोणी विचारत नाही. विचारले तरी ते मूल बहुधा ‘टाका’ असेच म्हणते. स्वतःच्या हातच्या कामाकडे पुन्हा पाहावयाचे असते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

चित्रकला हा विषय आपल्या शाळांत नाही असे नाही. कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. दोन दिवस, सकाळ-दुपार मिळून चार प्रश्नपत्रिका. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती व अक्षरलेखन. आजी-आजोबांपैकी अनेकांना या परीक्षेतील पाण्याचा डबा आणि रंगांचा वास अजून आठवत असेल. अलीकडे इंटरमीजिएटच्या श्रेणीनुसार दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळू लागले. अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३. त्यामुळे परीक्षेला बसणाऱ्यांचा उत्साह वाढला, आणि त्यात गैर काही नाही. सात गुणांनी एखाद्याचा महाविद्यालयातील प्रवेश सुकर होत असेल तर ते गुण घ्यावेतच. मात्र त्याचा एक परिणाम असाही झाला की चित्रकलेचा हिशेब श्रेणीपाशी बंद होतो. दहावीचा निकाल लागला की ब्रश वाळतो तो कायमचा.

शिवाय परीक्षेत काढलेले चित्र परीक्षकांकडे जाते. विद्यार्थ्याच्या हाती श्रेणी येते. चुका कोठे झाल्या ते कळत नाही. त्याच्यापाशी उरतात ते वर्षभराच्या सरावाचे कागद. म्हणजे शिकण्याचा खरा दस्तऐवज तोच, आणि तोच दिवाळीत तराजूवर चढतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकाची कल्पना बदलण्यात आली आहे. शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याने स्वतः केलेले मूल्यमापन आणि सहाध्यायांचे मतही त्यात असावे, असे ते धोरण सांगते. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात वर्षअखेरीस मुलांना ‘कलेच्या तासाला तुम्ही काय केले ते लिहा’ असे सांगितले जाते, तेव्हा जे लिहून येते ते सर्वांचे सारखे असते. मला चित्रकला खूप आवडते. यंदा आम्ही पुष्कळ वस्तू बनवल्या. मला फार मजा आली. बाईंनी छान शिकवले. या चार वाक्यांत खोटे काही नसते, पण त्या मुलाचेही काही नसते. कोणाचेही नाव वर घातले तरी चालेल असा तो मजकूर.

खरे मनन कसे असू शकेल, हे समजण्यासाठी बेलापूरसारख्या गावातील नववीतील एखादी विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणावी. अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातील, प्रवरेच्या काठचे हे गाव. सभोवार उसाचा मुलूख. मार्च महिना आहे. तिने वर्षभराचे कागद जमिनीवर मांडले आहेत. आवडीच्या क्रमाने नव्हे, तारखेच्या क्रमाने. ही एक गोष्ट फार महत्त्वाची. रोजकीर्दीत नोंदी सोयीने मांडत नाहीत, घडल्या त्या क्रमाने मांडतात. मगच त्यांतून काही उमगते.

पहिला कागद जूनमधील. पितळी तांब्या, त्याच्याशेजारी वाटी आणि एक लिंबू. तांब्याचे तोंड तिने लंबवर्तुळाकार काढले आहे, पण दोन्ही टोकांना ते डोळ्याच्या कोपऱ्यासारखे टोकदार झाले आहे. तांब्याचा तळ मात्र पट्टीने आखावा तसा सरळ. का? कारण तांब्या सपाट टेबलावर ठेवलेला आहे, म्हणून त्याचा तळही सपाट, हे तिला ‘माहीत’ होते. तिने माहीत असलेले काढले, दिसत असलेले काढले नाही. डिसेंबरमधील कागदावर तोच तांब्या पुन्हा आहे. आता तोंडाची कड टोकांपाशीही गोल वळते, आणि तळाची वक्रता तोंडापेक्षा थोडी अधिक आहे. हे बरोबर आहे. वरून खाली पाहताना जे वर्तुळ नजरेच्या पातळीपासून जितके खाली, तितके ते अधिक उघडलेले दिसते. जून आणि डिसेंबर या दोन कागदांमधील अंतर म्हणजे एका मुलीचे सहा महिन्यांचे शिक्षण. गुणपत्रिकेत ते कोठेही लिहिलेले नाही.

दुसरे चित्र स्मरणचित्र. विषय आठवडे बाजार. भाजीच्या पाट्या, ताडपत्रीची पाले, वजनकाटा, दोरीला बांधलेली शेळी. लांबची माणसे लहान काढावयाची असतात हे तिला ठाऊक आहे; तरीही ती माणसे हवेत तरंगत असल्यासारखी वाटतात. असे का व्हावे? यथार्थदर्शनाचा एक साधा नियम येथे मोडला आहे. सपाट जमिनीवर उभे राहून पाहणाऱ्याला आपल्याएवढ्याच उंचीच्या सर्व उभ्या माणसांची डोकी जवळजवळ एकाच रेषेत दिसतात, ती रेषा क्षितिजाची. दूर जाणाऱ्याचे पाय तेवढे वर सरकत जातात. तिने पाय एका रेषेत ठेवण्याचा प्रयत्न केला, ते साधेना म्हणून डोकी वरखाली केली. हा नियम तिला पुस्तकात वाचून समजणार नाही कदाचित. बसथांब्यावर पाच मिनिटे उभी राहिली तर समजेल. आणि एकदा समजला की ती बाजारात गेल्यावर भाजीआधी डोकी पाहील.

नदीचे चित्र तिसरे. येथे तिची मोठी गंमत झाली आहे. प्रवरेचे पाणी तिने गडद निळ्या रंगाने भरले. हीच प्रवरा ती येता-जाता पाहते. सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावून, भंडारदऱ्याच्या धरणातून, अकोले-संगमनेरवरून ही नदी बेलापूरला येते आणि पुढे प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. पावसाळ्यातील पुरात ती गढूळ, चहासारखी तांबूस. हिवाळ्यात काठची झाडे पाण्यात उतरलेली, म्हणून हिरवट काळसर. उन्हाळ्यात पाण्याची बारीक धार आणि बाकी राखाडी वाळू. यांपैकी निळी कोणतीच नाही. रंगपेटीतील निळ्या वडीवर ‘पाणी’ असे कोणी लिहिलेले नसते, तरी महाराष्ट्रातील बहुतेक मुलांच्या नद्या निळ्याच वाहतात. त्या विद्यार्थिनीने आपल्या मननात ‘मी नदी निळी काढली, कारण मी नदीकडे पाहिलेच नव्हते’ एवढे एकच वाक्य लिहिले, तरी वर्षाच्या तासांचे सार्थक झाले असे कोणताही जाणता कलाशिक्षक म्हणेल.

(बेलापूरकरांना नाव आणि वस्तू यांतील अंतर वेगळे समजावण्याची गरज नसावी. ‘बेलापूर’ नावाचे रेल्वे स्थानक वर्षानुवर्षे श्रीरामपूर शहरात उभे आहे! पाटीवर विसंबून उतरणाऱ्या पाहुण्यांना पुढचा रस्ता विचारावा लागला असेल.)

आता मातीचा बैल. पोळ्याच्या आधी वर्गात सर्वांनी केला. हिचा ओला असताना सुरेख होता; वाळल्यावर पोटावर भेग गेली आणि मागचा एक पाय निखळला. मुलीने त्या वेळी ‘माती खराब होती’ असे म्हटले असणार. माती खराब नव्हती. पोटाचा गोळा जाड. त्याचा बाहेरचा थर आधी वाळून आकसतो, आतला ओलाच राहतो, या ओढाताणीत भेग पडते. पाय बारीक, तो लवकर वाळून आकसला; पोट अजून आकसावयाचे होते; सांधा सुटला. जोडताना दोन्ही बाजूंना रेघोट्या ओढून मध्ये पातळ कालवलेली माती लावली असती, पोट आतून थोडे पोकळ केले असते आणि बैल उन्हात न ठेवता सावलीत ओल्या फडक्याखाली सावकाश वाळू दिला असता, तर तो टिकला असता. कुंभाराच्या घरातील मुलाला हे चालता-बोलता येते. शाळेतील मुलीला ते मोडलेल्या बैलामुळे कळते, पण कधी? बैल टोपलीत जाण्यापूर्वी कोणी तो हातात घेऊन ‘हा येथेच का मोडला असेल?’ असे विचारले तर.

संकल्पचित्राविषयी फार लिहिण्याजोगे नाही. भेंडीच्या ठशांची किनार, मध्ये कमळ, कोपऱ्यांत पाने. नीटनेटके आहे आणि चौकोनात बसते. ते वर्गातील फळ्यावरून जसेच्या तसे उतरवलेले असावे.

येथे पालकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे, जरी ती सर्वांना रुचणार नाही. अनेक घरांतून मुलाचा ‘प्रकल्प’ आई रात्री अकरापर्यंत जागून करते, आणि काही ठिकाणी तो स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणला जातो. ज्वालामुखी तयार, किल्ला तयार, सूर्यमाला तयार. वर फक्त नाव लिहावयाचे. अशा प्रकल्पाला वर्गात पहिला क्रमांकही मिळतो. पण त्यावर एक पान लिहावयास सांगितले की लेखणी अडते. ज्याने वस्तू केली नाही, त्याला ती कोठे मोडली, कोठे डिंक लागला नाही, कोणता रंग वाळल्यावर फिका पडला, हे सांगता येत नाही. बँकेत वा दुकानात जमाखर्च दुसऱ्याने लिहिलेला असला की दोन प्रश्नांत ते उघड होते, तसेच हे आहे. मुलाचा वाकडा किल्ला वाकडाच शाळेत जाऊ द्यावा.

आणि कौतुक. ‘छान काढलंस गं’ हे शब्द प्रेमाचे आहेत, त्यांचा अव्हेर करण्याचे कारण नाही. परंतु त्या शब्दांनी संभाषण संपते. त्याऐवजी आजोबांनी चष्मा लावून कागद हातात घ्यावा आणि विचारावे, ‘यातला कोणता भाग तुला सर्वांत अवघड गेला?’ मूल दहा मिनिटे बोलेल. पुढचा प्रश्न असा करता येईल की हेच चित्र उद्या पुन्हा काढावयाचे झाले तर काय बदलशील. आजोबांना चित्रकलेतले काही कळण्याची आवश्यकता नाही. न कळणेच येथे उपयोगी पडते, कारण मग मुलाला समजावून सांगावे लागते.

विद्यार्थिदशेतील कामाकडे मागे वळून पाहण्याचे मराठीतील मोठे उदाहरण आहे ते रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. १८५७ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेची सूत्रे त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाती होती. विद्यार्थिदशेला पाच वर्षे होत असतानाच, १८९५ मध्ये, धुरंधरांच्या ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढे ते तेथेच अध्यापक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर त्यांनी जे पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. ते १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे वर्गात प्रथम पाऊल टाकल्यानंतर पन्नास वर्षांनी. मोठ्या चित्रकाराने आपली चित्रे जगापुढे मांडणे वेगळे. ज्या वर्गात आपण शिकलो त्या वर्गाची हकीकत लिहावी असे वाटणे वेगळे. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर याही जे. जे. मध्येच शिकल्या आणि १९३१ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडल्या. त्या काळात मुलीने हे करणे किती दुर्मीळ होते ते सांगावयास नको. त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘माझी स्मरणचित्रे’ असे आहे. शासकीय परीक्षेतील एका प्रश्नपत्रिकेचा शब्द असा एका आयुष्याला पुरला.

त्याच ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली याच शाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुढे सुमारे तेरा वर्षे अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला केल्या. पेस्तनजी बमनजी हे त्यांतील एक नामवंत. हा कलावर्गाचा प्रकल्पच होता. फक्त वर्ग लेण्यांत भरत होता आणि फळ्याच्या जागी दीड हजार वर्षांपूर्वीची भिंत होती. या नकला लंडनला पाठवण्यात आल्या. तेथे साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात १८८५ मध्ये आग लागली आणि त्यांतील बऱ्याच जळाल्या. विशेष म्हणजे त्यापूर्वी मेजर रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृतीही लंडनमध्येच, क्रिस्टल पॅलेसच्या १८६६ च्या आगीत, नष्ट झाल्या होत्या. विद्यार्थ्यांच्या ज्या नकला उरल्या त्या तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांत या कामाचे पुस्तक काढले. लेण्यांतील मूळ चित्रांचे पापुद्रे नंतरच्या काळात आणखी गळत गेले. त्यामुळे एखाद्या भिंतीवर पूर्वी काय होते हे पाहण्यासाठी अभ्यासक विद्यार्थ्यांच्या त्या नकलांकडे जातात.

श्रीरामपुरातील त्या ‘बेलापूर’ स्थानकातून मुंबईची गाडी धरणाऱ्याला अशा कामाचे दर्शन तिकिटाच्या पैशांतच होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही वास्तू फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिली, आणि तिच्या दगडी कोरीवकामात जे. जे. च्या विद्यार्थ्यांचा हात होता. खांबांच्या माथ्यांवरील पाने, फुले, पक्षी, माकडे. मान वर केली की दिसतात. रोज लाखो माणसे त्या पानांखालून जातात. कोणते पान कोणत्या मुलाने घडवले याची नोंद कोठे सापडत नाही, आणि त्या मुलांपैकी कोणी आपल्या कामाविषयी चार ओळी लिहिल्या असत्या तर आज त्या किती मोलाच्या ठरल्या असत्या! छिन्नी कोठे निसटली, दगड कसा लागला, पोपटाची चोच कितव्यांदा जमली. हे सारे हरवले.

म्हणून काही व्यवहाराच्या सूचना. प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने तारीख, विषय आणि दोन ओळी लिहिण्याची सवय पहिल्याच आठवड्यापासून लावावी. बॉलपेन टाळावे, त्याचा उठाव पुढच्या बाजूला येतो. ड्रॉइंग पेपरची गुंडाळी करू नये, पुढे तो उलगडताना रंग तडकतो. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून नाडीने बांधावा. वर्तमानपत्रात गुंडाळू नये. तो कागद स्वतः पिवळा पडतो आणि शेजारच्यालाही पाडतो. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडून बुरशी धरते, त्यापेक्षा धुतलेले सुती कापड बरे. सर्व कागद ठेवणे शक्य नसेल, आणि दोन खोल्यांच्या घरात ते शक्य नसतेच, तर वर्षाला पाच ठेवावेत. कोणते पाच, हे मुलाने ठरवावे. त्यांत एक तरी फसलेले असावे.

मातीचा बैल टिकणार नाही. त्याचे छायाचित्र घ्यावे, कागदाला चिकटवावे, आणि खाली मुलानेच लिहावे की पाय कोणता निखळला आणि पुढच्या पोळ्याला तो कसा जोडावयाचा आहे.